सोमवारच्या गावातील महापरिनिर्वाण

कुशीनगरची महापरिनिर्वाण मूर्ती आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. धम्मस्थळांच्या ज्या सहली निघतात त्यांत बुद्धगया, सारनाथ आणि कुशीनगर ही ठिकाणे असतातच. ज्यांना एवढ्या दूर जाणे जमले नाही, त्यांनी अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील पहुडलेले तथागत तरी पाहिलेले असतात. कुशीनगरची मूर्ती सुमारे ६ मीटर लांबीची, अजिंठ्याची सुमारे ७ मीटरची. या दोन्हींच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे १३ मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती मध्य आशियातील एका राजधानीच्या शहरात आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी माहीत नाही.

ते शहर म्हणजे ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे. मी बँकेत रजेचा अर्ज दिला तेव्हा आमच्या साहेबांनी ठिकाणाचे नाव दोनदा वाचले आणि विचारले, "हे नेमके कुठे आले हो?" बी. ए. ला इतिहास विषय घेतलेला असूनही काही महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही याचे उत्तर देता आले नसते. तेव्हा या लेखात प्रथम त्या शहराची ओळख करून देतो, तेथील पाहण्याजोग्या स्थळांची माहिती सांगतो आणि शेवटी त्या मूर्तीकडे वळतो.

देश आणि शहर

अफगाणिस्तानच्या उत्तरेला ताजिकिस्तान हा देश आहे. आकाराने तो महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ आहे. पामीरचे पठार, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात आपण 'जगाचे छप्पर' म्हणून पाठ केले, ते बरेचसे याच देशात येते. लोक बहुसंख्येने मुसलमान आहेत. त्यांची ताजिक भाषा ही फारसीचेच एक रूप असून ती रशियन लिपीत लिहिली जाते.

'दुशान्बे' या शब्दाचा अर्थ सोमवार. फारसीत शनिवारला 'शंबे' म्हणतात. त्यानंतरचा दुसरा दिवस तो 'दु-शंबे'. येथे पूर्वी एक खेडे होते आणि तेथे दर सोमवारी बाजार भरे, म्हणून गावाचे नाव सोमवार पडले. पुण्यातील सोमवार पेठ, मंगळवार पेठ ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. १६७६ सालच्या एका पत्रात या गावाचा उल्लेख आढळतो. पुढे ते बुखाऱ्याच्या अमीराच्या राज्यात होते. रशियन क्रांतीनंतर १९२४ साली ताजिक स्वायत्त प्रजासत्ताकाची राजधानी म्हणून त्याची निवड झाली, १९२९ साली तेथे रेल्वे पोहोचली आणि त्याच वर्षी शहराचे नाव बदलून स्टालिनाबाद करण्यात आले. १९६१ साली ते नाव गेले आणि शहर पुन्हा सोमवारचे झाले. ९ सप्टेंबर १९९१ रोजी देश स्वतंत्र झाला. पण लगेच १९९२ साली यादवी युद्ध पेटले आणि ते १९९७ च्या जून महिन्यातील शांतता करारापर्यंत चालले. ही यादवी वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण मूर्तीच्या हकिगतीत तिचा संबंध येणार आहे.

रुदाकी मार्ग

शहराचा मुख्य रस्ता म्हणजे रुदाकी मार्ग. दोन्ही बाजूंना चिनाराची उंच झाडे, त्यामुळे उन्हाळ्यातही सावलीतून चालता येते. बहुतेक प्रेक्षणीय स्थळे या रस्त्यावर किंवा त्याच्या जवळपास आहेत, त्यामुळे पाहुण्याची फारशी धावपळ होत नाही.

ज्याचे नाव या रस्त्याला दिले आहे तो रुदाकी हा दहाव्या शतकातील कवी. इ. स. ९४१ मध्ये तो वारला. फारसी काव्याचा जनक म्हणून त्याला मान आहे. त्याच्या नावाच्या बागेत त्याचा पुतळा असून पुतळ्यावर रंगीत मोझेकची कमान आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या रुदाकीने 'कलीला व दिम्ना' हा ग्रंथ फारसी पद्यात आणला होता. 'कलीला व दिम्ना' म्हणजे आपल्या पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे! पंचतंत्राच्या गोष्टी सहाव्या शतकात इराणात गेल्या, आठव्या शतकात अरबी भाषेत उतरल्या आणि तेथून रुदाकीकडे आल्या. ताजिकिस्तानातील पंजकेंत या प्राचीन नगराच्या उत्खननात घरांच्या भिंतींवर जी चित्रे सापडली, त्यांतही पंचतंत्रातील प्रसंग ओळखता आले आहेत. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतील कोल्हे इतक्या दूर येऊन राहिले आहेत हे कळल्यावर त्या पुतळ्याकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहिले.

जवळच दोस्ती मैदान आहे. होय, 'दोस्ती' हाच शब्द. तेथे इस्माईल सामानी या राजाचे भव्य स्मारक आहे. सामानी राजघराण्याच्या ११०० व्या वर्षानिमित्त १९९९ साली ते उभारले गेले. सोव्हिएत काळात या भागात लेनिनचा पुतळा होता. नव्या इमारतींपैकी २०१२ सालचे राष्ट्रीय ग्रंथालय उघड्या पुस्तकाच्या आकाराचे आहे. २०११ साली उभारलेला १६५ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ काही वर्षे जगातील सर्वांत उंच होता; २०१४ साली सौदी अरेबियातील जेद्दा येथील स्तंभाने त्याला मागे टाकले. जुनी वास्तू म्हणून सदरुद्दीन ऐनी यांच्या नावाचे संगीतिका व नृत्यनाट्याचे रंगमंदिर पाहावे. मात्र गेल्या काही वर्षांत याच रस्त्यावरील सोव्हिएत काळातील कित्येक इमारती पाडून तेथे उंच काचेचे मनोरे उभे केले गेले आहेत. तेथील काही रहिवाशांना याचे वाईट वाटते, हे आमच्या वाटाड्याच्या बोलण्यातून जाणवले.

नोटांवरील माणसे

बँकेतला माणूस परदेशी गेला की आधी तेथील नोटा पाहतो. माझेही तसेच झाले. तेथील चलन 'सोमोनी' हे इस्माईल सामानीच्याच नावावरून पडले. ऑक्टोबर २००० मध्ये जुने ताजिक रुबल काढून ते आणले गेले, तेव्हा १००० रुबलला १ सोमोनी असा दर होता. एका सोमोनीचे १०० दिराम होतात.

या नोटा म्हणजे त्या देशाचा सचित्र इतिहासच आहे आणि त्यात हिंदुस्थान पुन्हा पुन्हा डोकावतो. १ सोमोनीच्या नोटेवर मिर्झो तुर्सुनझोदा हा कवी आहे. हिंदुस्थानावरील त्याच्या काव्याला १९४८ साली स्टालिन पारितोषिक मिळाले होते. १० च्या नोटेवर मीर सय्यद अली हमदानी आहेत. चौदाव्या शतकातील हे सूफी काश्मीरात 'शाह-ए-हमदान' म्हणून ओळखले जातात आणि श्रीनगरला झेलमच्या काठी त्यांची प्रसिद्ध खानकाह आहे. कबर मात्र ताजिकिस्तानातील कुलोब गावी आहे. २० च्या नोटेवर थोर वैद्य व तत्त्वज्ञ इब्न सिना आहेत. ५० च्या नोटेवर बोबोजान गफुरोव हे इतिहासकार आहेत. कम्युनिस्ट पक्षाचे ताजिकिस्तानातील प्रमुखपद भूषविल्यानंतर ते मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेचे संचालक झाले. कुशाण काळातील मध्य आशियावर १९६८ साली दुशान्बे येथे युनेस्कोच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. सम्राट कनिष्काच्या त्या घराण्याच्या इतिहासाची एवढी मोठी चर्चा ज्या गावात झाली ते हे गाव.

बाजारात फळे घेताना आणखी एक मौज झाली. आम्ही मेहरगॉन बाजारात गेलो होतो. खरबुजे, जर्दाळू, बदाम, मोठमोठ्या गोल नानांचे ढीग, सगळे कसे ओळखीचे. विक्रेती बाई सुटे पैसे मोजू लागली : चोर, पंज, शश, हफ्त, हश्त, नुह, दह. मी मराठीत तिच्याबरोबर मोजत गेलो : चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. ती थांबली आणि हसली. बाजार, शहर, बाग, दरवाजा, खर्च, खजिना हे शब्द त्यांच्याकडेही आहेत. आठवड्याला ते 'हफ्ता' म्हणतात. आमच्या खात्यात कर्जाचा हप्ता म्हणून जो शब्द मी रोज लिहितो, तो मुळात सात दिवसांचा आहे हे मला तेथे जाऊन नीट समजले.

हिसारचा किल्ला

शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर हिसारचा किल्ला आहे. 'हिसार' म्हणजेच किल्ला; आपल्या हरियाणातील गावाचे नावही याच शब्दावरून आले. बुखाऱ्याच्या अमीराचा अधिकारी, त्याला 'बेग' म्हणत, येथे राहत असे. दोन गोल बुरूज आणि मधली कमान असा विटांचा दरवाजा हे येथील मुख्य आकर्षण. समोर जुना मदरसा आहे. मधे चौक आणि चौकाभोवती विद्यार्थ्यांच्या लहान लहान खोल्या अशी त्याची रचना आहे.

ती रचना पाहून माझी पत्नी म्हणाली, "हे तर आपल्या लेण्यासारखे आहे." तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मधे मोकळी जागा आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या अशीच आपल्याकडील विहारलेण्यांची मांडणी असते. मध्य आशियातील बौद्ध विहारांच्या मांडणीचा पुढील मदरशांच्या बांधणीवर परिणाम झाला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तो विहार कसा होता हे आम्हांस दुसऱ्या दिवशी संग्रहालयात कळले.

पुरावस्तू संग्रहालय

दुशान्बेत दोन मोठी संग्रहालये आहेत. २०१३ साली उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय भव्य आहे. तेथे महापरिनिर्वाण मूर्तीची प्रतिकृती ठेवली आहे. मूळ मूर्ती पाहायची तर पुरावस्तूंच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावे लागते. ते आकाराने लहान आहे आणि २००१ साली उघडले गेले. जाणाऱ्यांनी ही दोन नावे नीट ध्यानात ठेवावीत, नाहीतर प्रतिकृती पाहूनच परत यावे लागेल.

या लहान संग्रहालयात पंजकेंतची भित्तिचित्रे आहेत. वख्श आणि पंज या नद्यांच्या संगमापासून अमू दर्या सुरू होते. त्या संगमाजवळच्या तख्त-इ-संगीन येथील मंदिरात सापडलेल्या वस्तू आहेत. त्यांत हस्तिदंतात कोरलेले शिकंदराचे, जेमतेम दीड इंच उंचीचे शीर आहे. नवसाची एक लहानशी दगडी बैठकही आहे. तिच्यावर बासरी वाजवणारी ग्रीक देवतेची कांस्यमूर्ती आहे, लेख ग्रीक लिपीत आहे, नवस करणाऱ्याचे नाव इराणी आहे आणि नवस केला आहे तो अमू दर्या नदीला! एवढ्या हातभर वस्तूत किती लोक एकत्र आले आहेत ते पाहावे.

आणि मग वरच्या दालनात ती मूर्ती आहे.

तथागत उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत. उजवा हात मस्तकाखाली, डावा हात शरीरावर सरळ, पाय एकावर एक. अंगावरच्या चीवराच्या चुण्या पायापर्यंत ओळीने उतरल्या आहेत. वरच्या भागाची बरीच हानी झालेली होती, पायांकडचा भाग त्या मानाने चांगला राहिला आहे. मस्तकापासून पायांपर्यंत चालत जायला मला अठरा पावले लागली. मध्य आशियात सापडलेली सर्वांत मोठी बुद्धमूर्ती म्हणून ती ओळखली जाते.

माझी पत्नी पायांजवळ गेली आणि आपल्या सवयीप्रमाणे पायांवर हात ठेवण्यासाठी वाकली. तेवढ्यात दालनावर देखरेख करणारी एक वृद्ध बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, लगबगीने आली आणि तिने पत्नीचा दंड हळूच धरून तिला मागे घेतले. काही क्षण आम्हां सर्वांनाच अवघडल्यासारखे झाले. मग त्या बाईने आपला हात स्वतःच्या छातीवर ठेवून मान लववली, ही तेथील नमस्काराची रीत आहे, आणि वाटाड्यामार्फत सांगितले, "दगड नाही, माती आहे. कच्ची माती."

अजिना तेपाची टेकडी

त्या एका वाक्यात मूर्तीची सगळी हकिगत आहे. दुशान्बेच्या दक्षिणेस सुमारे १०० किलोमीटरवर वख्श नदीच्या खोऱ्यात बोख्तार हे गाव आहे. २०१८ पूर्वी त्याला कुर्गान-तेपा म्हणत. त्याच्या पूर्वेला 'अजिना तेपा' नावाची टेकडी आहे. अजिना म्हणजे जिन, भूत. भुताची टेकडी म्हणून लोक तिकडे फारसे फिरकत नसत. आपल्याकडेही कितीतरी लेण्यांना आणि स्तूपांच्या उंचवट्यांना भुताखेतांची नावे चिकटली आहेत, हे वाचकांना आठवेल.

१९६१ ते १९७५ या काळात बोरिस लिटविन्स्की आणि तमारा झेमाल या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञांनी या टेकडीचे उत्खनन केले. आत सातव्या-आठव्या शतकातील संपूर्ण संघाराम निघाला. त्याचे दोन भाग होते. एका भागात चौकाभोवती भिक्खूंच्या खोल्या आणि सभागृह, दुसऱ्या भागात मध्यभागी पायऱ्यापायऱ्यांचा मोठा स्तूप आणि त्याभोवती मूर्तींनी भरलेल्या वाटा. १९६६ साली यांपैकी एका लांब वाटेत ही महापरिनिर्वाण मूर्ती सापडली.

या प्रदेशात धम्म कुशाण काळापासून रुजला होता. प्रसिद्ध चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग इ. स. ६३० च्या सुमारास अमू दर्याच्या काठच्या तिरमिझ नगरातून गेला. तेथे दहाहून अधिक संघाराम आणि सुमारे हजार भिक्खू असल्याचे त्याने नोंदविले. हाच ह्यूएनत्संग पुढे दहा-अकरा वर्षांनी पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात आला आणि येथील लोकांविषयीही त्याने लिहून ठेवले. म्हणजे ताजिकिस्तानच्या वेशीवरचा आणि महाराष्ट्रातला धम्म एकाच माणसाने, एकाच प्रवासात डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर इ. स. ७२० च्या दशकात हुएचाओ नावाचा कोरियन भिक्खू गेला. अजिना तेपा ज्या भागात आहे त्या खुत्तल राज्याचा राजा आणि प्रजा त्रिरत्नांना मानतात, असे त्याने लिहिले. त्या वेळी अरबांची सत्ता तेथे पोहोचलेली होती. आठव्या शतकाच्या मध्यास संघाराम ओसाड पडला. माती ढासळली, वाटा बुजल्या आणि बुजल्यामुळेच मूर्ती बाराशे वर्षे राहिली.

ब्याण्णव तुकडे

अजिंठ्याचे तथागत काळ्या कातळात कोरलेले आहेत. वख्शच्या खोऱ्यात तसा कातळ नाही, सगळी मऊ गाळाची माती. म्हणून तेथील कारागिरांनी भिंती, स्तूप आणि मूर्ती सर्व काही कच्च्या मातीतच घडविले. जमिनीखाली असेपर्यंत अशी मूर्ती टिकते. वर आली की ऊन, वारा आणि पाऊस तिची पुन्हा माती करतात. जागेवर ठेवली असती तर काही वर्षांत ती नाहीशी झाली असती. उचलावी तर १३ मीटर लांबीची कच्ची माती अखंड उचलणार कशी?

तेव्हा मूर्ती कापण्याचा निर्णय झाला. तिचे ९२ तुकडे करण्यात आले आणि ते दुशान्बेस आणून भांडारात ठेवले गेले. जुळणीचे काम लांबत गेले. तुकडे ज्या सरकारने आणले ते सोव्हिएत सरकार १९९१ साली संपले. १९९२ पासून यादवी सुरू झाली. दुशान्बेच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, अन्नाची टंचाई झाली, अनेक लोक देश सोडून गेले. या पाच वर्षांत भांडारातील ९२ मातीच्या तुकड्यांकडे कोणी पाहिले नसते तरी त्याबद्दल कोणाला दोष देता आला नसता. परंतु ते तुकडे राहिले. युद्ध थांबल्यावर तेथील जतनकारांनी ते एकास एक जुळवले आणि २००१ साली मूर्ती लोकांसमोर आली.

मी रोकड विभागात काही वर्षे काम केले आहे. संध्याकाळी एक नोट कमी भरली तरी सर्वांना थांबावे लागते. ९२ तुकडे तीस वर्षांहून अधिक काळ, दोन राज्यव्यवस्था आणि एका युद्धातून सांभाळून शेवटी हिशेब जुळवणे म्हणजे काय, याची मला थोडीफार कल्पना करता येते.

कुशीनगरच्या मूर्तीचीही गोष्ट अशीच आहे, हे येथे सांगितले पाहिजे. १८७६ साली कार्लाइल या इंग्रज अधिकाऱ्याला ती भंगलेल्या अवस्थेत सापडली आणि त्याने तुकडे जुळवून ती पुन्हा उभी केली. आज आपण जिच्यापुढे नतमस्तक होतो तीही जोडलेलीच मूर्ती आहे.

ज्या २००१ साली दुशान्बेची मूर्ती जुळून पूर्ण झाली, त्याच वर्षी मार्च महिन्यात शेजारच्या अफगाणिस्तानात तालिबानने बामियानच्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. दोन्हीकडचे लोक बहुतांशी मुसलमान. मधे फक्त एक नदी. तेव्हा मूर्ती फोडणे किंवा जपणे ही गोष्ट एखाद्या धर्माच्या माथी मारणे बरोबर नाही. बामियानात सत्ता हाती असलेल्यांनी त्यांना परके मानले. दुशान्बेत अभ्यासकांनी, जतनकारांनी आणि दालनात उभ्या राहणाऱ्या त्या वृद्ध बाईने त्यांना आपल्या जमिनीतील ठेव मानले. ती बाई बुद्धाला शरण गेलेली नव्हती. तिने कधी धम्माचा अभ्यास केला असेल असेही नाही. पण आमच्यापैकी कोणाहीपेक्षा त्या मूर्तीची काळजी तिलाच जास्त होती, हे मान्य करणे भाग आहे.

आपली लेणी

परत येताना विमानात पत्नी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिने अडवले नसते तर मी हात लावलाच असता. आणि मला त्यात काही चूक वाटली नसती." श्रद्धेने लावलेल्या हातानेही माती झिजतेच. दगडसुद्धा झिजतो, फक्त त्याला वेळ लागतो. अजिंठ्याच्या चित्रांचे आपल्या माणसांच्या श्वासातील ओलाव्याने आणि गर्दीने किती नुकसान होते, हे तेथील फलकांवरून आणि वर्तमानपत्रांतून आपण वाचत असतोच. महाराष्ट्रात हजारावर लेणी आहेत. बुद्धाचा वारसा म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो, सहली नेतो, वंदना घेतो, आणि निघताना मागे मेणबत्त्यांचे मेण, उदबत्तीची काजळी आणि खाऊची पाकिटे ठेवतो.

येथे एक गोष्ट कबूल करतो. शाळेत सातवीत असताना आमची सहल तालुक्यातील एका लेण्याला गेली होती. जेवणाच्या सुटीत आम्ही चौघा मित्रांनी कंपासपेटीतील करकटकाने विहाराच्या आतील भिंतीवर आपापली नावे कोरली. गुरुजींनी पाहिले, पण ते रागावले नाहीत. त्यांचे स्वतःचे नाव तेथे आधीच होते. आम्हां मुलांना त्या भिंतीबद्दल राग नव्हता, द्वेष नव्हता. आम्हांस ती कोणाची आहे हेच माहीत नव्हते. घरी परतल्यावर मी तेथील वंदनेची पाठ केलेली ओळ आईला म्हणून दाखवली आणि कोरलेल्या नावाबद्दलही तितक्याच कौतुकाने सांगितले.

आपल्या संस्थेतर्फे येत्या काळात जी सहल निघेल तिच्यासाठी तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. लेण्यात आत शिरण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे ते लेणे कोणी, कधी आणि कोणासाठी कोरले ते सांगावे. मेणबत्ती व उदबत्ती बाहेर, मोकळ्या जागी लावावी. आणि वंदनेत हात जोडावेत, पण भिंतीला व मूर्तीला लावू नयेत. ज्यांना सवय आहे त्यांना सुरुवातीला चुकल्यासारखे वाटेल. त्यांनी दुशान्बेच्या त्या बाईप्रमाणे आपलाच हात आपल्या छातीवर ठेवावा.

दुशान्बेहून आल्यावर एका रविवारी मी त्या लेण्याला एकटाच जाऊन आलो. वाटेवर आता डांबरी रस्ता झाला आहे. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. माझे नाव अजून तेथेच आहे. त्याच्या खाली आणखी पुष्कळ नावे आली आहेत.